जाहिरात कोणत्या वाटेने येते ते बघा, मग अडवा

‘फोनवर जाहिराती फार येतात, एखादं चांगलं ॲप सांगा.’ या मागणीला एका ॲपचं नाव सांगून भागत नाही, कारण सगळ्या जाहिराती एका वाटेने येत नाहीत. बातमीच्या पानावरची वेगळी, गेममध्ये मध्येच उगवणारी वेगळी, लॉक स्क्रीनवरची वेगळी. ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडले’ असं ओरडणारं नोटिफिकेशन तर आणखी तिसऱ्याच दारातून आलेलं असतं. प्रत्येकीचा बंदोबस्त निराळ्या ठिकाणी करावा लागतो. वाट ओळखली नाही, तर चार ॲप्स टाकूनही जाहिरात जागच्या जागी राहते आणि बॅटरी मात्र जाते.

प्ले स्टोअरवर ‘ॲड ब्लॉकर’ असं शोधून पहिलं दिसेल ते टाकणं टाळाच. एका ॲपने दुसऱ्या ॲपच्या कामात ढवळाढवळ करू नये असा गूगलचा नियम आहे. त्यामुळे सगळ्या ॲप्समधल्या जाहिराती अडवणारी कामाची साधनं तिथं अर्धवट रूपात मिळतात किंवा मिळतच नाहीत. ॲडगार्डचं पूर्ण अँड्रॉइड ॲप त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावं लागतं. नेटगार्ड प्ले स्टोअरवर आहे, पण तिथल्या आवृत्तीत जाहिराती अडवण्याची सोय नाही. उरलेल्या गर्दीत खोटी ॲप्सही असतात. २०१८ मध्ये ॲडगार्डने क्रोमच्या दुकानातली अशीच पाच खोटी ब्लॉकर उघडी पाडली, तेव्हा ती टाकणाऱ्यांची संख्या दोन कोटींच्या वर गेली होती.

आधी कुठलंही ॲप न टाकता होणारी कामं

नोटिफिकेशनपासून सुरुवात करू. व्हायरस, बक्षीस, अडकलेलं पार्सल असं काही दिसलं की त्यावर टिचकी मारू नका, बोट दाबून धरा. ते कोणत्या ॲपकडून आलं आहे ते दिसतं. बहुतेक वेळा क्रोम निघतं आणि सोबत एखाद्या अनोळखी साइटचं नाव असतं. कधीतरी व्हिडिओ बघताना किंवा पीडीएफ उतरवताना ‘अलाउ’ दाबलं गेलेलं असतं, त्याचं हे फळ. क्रोममध्ये तीन टिंबं, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स या क्रमाने जा आणि यादीतली अनोळखी नावं काढून टाका. वरचं मुख्य बटणच बंद केलं तर पुढे कुठली साइट विचारणारही नाही. या जाहिरातीपुढे बाकी सगळे ब्लॉकर हात टेकतात. ती गूगलच्याच नोटिफिकेशन यंत्रणेतून येते आणि ती यंत्रणा बंद केली तर बँकेची आणि मेलची नोटिफिकेशनंही थांबतील.

दुसरा प्रकार म्हणजे फोन उघडताच, कुठलंही ॲप चालू नसताना, पडदाभर येणारी जाहिरात. हिच्यामागे फोनमधलंच एखादं ॲप असतं. टॉर्च, क्यूआर स्कॅनर, फोन ‘साफ’ करणारं क्लीनर, फुकटचे वॉलपेपर या मंडळींवर आधी संशय घ्यावा. जाहिरात पडद्यावर असतानाच रीसेंट्सचं बटण दाबा, त्या चौकटीवर ॲपचं चिन्ह दिसेल. काही ॲप्स चिन्ह कोरं ठेवतात. तेव्हा सेटिंग्जमध्ये ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेस, ‘डिस्प्ले ओव्हर अदर ॲप्स’ उघडा. अँड्रॉइड १० पासून पडद्याआडून अचानक पुढे येणं ॲप्सना अवघड झालं आहे, पण ही परवानगी हातात असेल तर त्यांना ते जमतं. म्हणून चोर बहुधा याच यादीत सापडतो. ट्रूकॉलर किंवा मेसेंजरसारख्यांना या परवानगीची खरी गरज असते, टॉर्चला नसते. जाहिरात इतकी आडवी येत असेल की सेटिंग्जपर्यंत पोचताच येत नाही, तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बहुतेक फोनवर पॉवर ऑफचा पर्याय दाबून धरला की ते विचारतं. सेफ मोडमध्ये आपण टाकलेली ॲप्स चालत नाहीत, त्यामुळे शांतपणे हकालपट्टी करता येते.

तिसरा प्रकार फोनबरोबरच आलेला. शाओमी, रेडमी, पोकोच्या फोनमध्ये ‘एमएसए’ नावाचा भाग जाहिराती आणतो. सेटिंग्जमध्ये पासवर्ड्स अँड सिक्युरिटी, मग ‘ऑथरायझेशन अँड रिव्होकेशन’ इथं त्याचं बटण आहे. ते बंद करताना फोन काही सेकंद थांबायला लावतो आणि कित्येकदा ‘जमलं नाही’ असं सांगून बटण पुन्हा चालू करतो. चिकाटीने तीन-चारदा करा. या कामासाठी फोनला कंपनीच्या सर्व्हरशी बोलावं लागतं, म्हणून हे काम डीएनएस (तो पुढे येतोच) बदलण्याआधी उरका. लॉक स्क्रीनवर बातम्या, गेम आणि फोटो फिरवणारं ‘ग्लान्स’ हे बंगळुरूच्या इनमोबी गटाचं. ते लॉक स्क्रीन किंवा वॉलपेपरच्या सेटिंग्जमधून बंद होतं. होम स्क्रीनवरच्या फोल्डरच्या तळाशी ‘प्रमोटेड ॲप्स’ दिसत असतील, तर फोल्डरच्या नावावर बोट ठेवून नाव बदलायची चौकट उघडा, तिथंच खाली बटण असतं.

एसएमएसच्या जाहिरातींसाठी १९०९ वर इंग्रजीत ‘स्टार्ट ०’ असा निरोप पाठवला की नोंदणीकृत जाहिरातदारांचे संदेश बंद होतात. प्रेषकाच्या नावापुढे शेवटी ‘पी’ असेल तर तो प्रचाराचा संदेश, ‘टी’ व्यवहाराचा, ‘एस’ सेवेचा, ‘जी’ सरकारी.

ॲप्स आणि गेम्समधल्या जाहिराती: डीएनएस

इथं खरं काम आहे. ॲपमधली जाहिरात सहसा त्या ॲपच्या मालकाच्या सर्व्हरवरून येत नाही. ती एखाद्या जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरून येते, आणि त्या सर्व्हरला नाव असतं. फोन आधी डीएनएस सर्व्हरला ‘या नावाचा आकडी पत्ता काय’ असं विचारतो, मगच जोडणी होते. जाहिरातीच्या सर्व्हरचं नाव विचारल्यावर ‘असा पत्ता नाही’ असं उत्तर देणारा डीएनएस वापरला, की जाहिरात सुरू होण्याआधीच संपते. फोनवर काही टाकावं लागत नाही, बॅटरी जात नाही, व्हीपीएनची, म्हणजे फोनची सगळी वाहतूक दुसऱ्या वाटेने नेणाऱ्या सोयीची, किल्ली वर दिसत नाही. त्यामुळे व्हीपीएन चालू दिसलं की अडून बसणारी बँकांची ॲप्सही सहसा कुरकुर करत नाहीत.

अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, ही सोय फोनमध्येच आहे. सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘प्रायव्हेट डीएनएस’ टाका, फोन मराठीत असेल तर ‘खाजगी डीएनएस’. सॅमसंगमध्ये ते कनेक्शन्स, मोअर कनेक्शन सेटिंग्जच्या आत आहे. तिथं तीन पर्याय येतात. ‘ऑटोमॅटिक’ने जाहिराती थांबत नाहीत. तिसरा, प्रोव्हायडरचं होस्टनेम विचारणारा पर्याय घ्या आणि इंग्रजी लहान अक्षरांत लिहा: डीएनएस डॉट ॲडगार्ड-डीएनएस डॉट कॉम. ‘ॲडगार्ड’ आणि दुसरा ‘डीएनएस’ यांच्यामध्ये आडवी रेघ आहे, बाकी ठिकाणी टिंब. सेव्ह करा. वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्हींना हे एकदाच लागू होतं.

इथल्या चुका ठरलेल्या आहेत. पुढे ‘एचटीटीपीएस’ जोडणं, नावाऐवजी आकडी पत्ता टाकणं, किंवा कीबोर्डने शेवटी आपोआप टाकलेली मोकळी जागा तशीच राहणं. यातलं काहीही झालं तर सेव्ह दबत नाही किंवा नेटच बंद पडतं. आणखी एक गैरसमज असा की क्लाउडफ्लेअर किंवा गूगलचा डीएनएस टाकला की जाहिराती जातात. त्यांच्या नेहमीच्या डीएनएसने विचारणा सांकेतिक होते, जाहिराती होत्या तशाच राहतात.

झालं का ते तपासायचं तर ब्राउझरमध्ये डबलक्लिक डॉट नेट हे गूगलच्या जाहिरात यंत्रणेचं नाव टाकून बघा. ‘साइटपर्यंत पोचता आलं नाही’ असं आलं तर काम झालं. तरीही ॲपमध्ये जाहिरात दिसत असेल तर ते ॲप बंद करून विमान मोड एकदा चालू-बंद करा, कारण जुने पत्ते फोन काही काळ लक्षात ठेवतो. क्रोमच्या प्रायव्हसी सेटिंग्जमध्ये ‘यूज सिक्युअर डीएनएस’ इथं दुसऱ्याच कुणाचं नाव निवडलेलं असेल तर क्रोम तुमच्या प्रायव्हेट डीएनएसला बगल देतं, तेही बघून घ्या.

आयफोनमध्ये अशी चौकट नाही. आयओएस १४ पासून सांकेतिक डीएनएस प्रोफाइलच्या रूपात बसवता येतो. ॲडगार्ड किंवा नेक्स्टडीएनएसच्या साइटवरून प्रोफाइल उतरवा, सेटिंग्जमध्ये ते बसवा आणि जनरलमधल्या ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’खाली डीएनएसमध्ये तेच निवडलेलं आहे ना ते तपासा.

ज्यांना काय अडलं, काय सुटलं हे बघायचं आहे त्यांनी नेक्स्टडीएनएस घ्यावं. खातं उघडलं की सहा अक्षरांची खूण मिळते आणि तिच्यापासून तुमचं स्वतःचं होस्टनेम बनतं. महिन्याला तीन लाख विचारणा फुकट. त्या संपल्या तर नेट बंद पडत नाही, फक्त गाळणं थांबतं, म्हणून महिनाअखेरीस अचानक जाहिराती परतल्या तर आधी हा आकडा बघा. तिथं अडवायच्या नावांच्या याद्या निवडताना हात आवरावा. ओआयएसडी किंवा हागेझीची मधली यादी, यातली एक पुरते. दहा याद्या लावल्या तर जाहिराती दहापट कमी होत नाहीत, बिघाड मात्र वाढतात.

काय मोडतं आणि का

गूगलच्या शोधात सगळ्यात वर ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेले दुवे उघडणार नाहीत. ते आधी गूगलच्या जाहिरात सर्व्हरला स्पर्श करून मग दुकानात नेतात आणि तो सर्व्हर आपण अडवलेला आहे. खालचा साधा दुवा घ्या. मेलमधले ‘अनसबस्क्राइब’ आणि ऑफरच्या एसएमएसमधले आखूड दुवे याच कारणाने अडतात. कॅशबॅक ॲप्समध्ये खरेदीची नोंद होत नाही. गेममध्ये ‘जाहिरात बघा, नाणी मिळवा’ दाबलं तर चाक फिरत राहतं. हा बिघाड नाही, आपण मागितलं तेच झालं आहे.

खरी अडचण वायफायवर येते. हॉटेल, विमानतळ किंवा रेल्वे स्थानकाच्या वायफायवर लॉगिनचं पान कित्येकदा उघडत नाही, आणि काही कॉलेजं-ऑफिसं प्रायव्हेट डीएनएस वापरतो ते ८५३ क्रमांकाचं पोर्टच (जोडणीचं दार) बंद ठेवतात. होस्टनेम लिहून दिल्यावर अँड्रॉइड दुसरा डीएनएस वापरत नाही, नेट नसलं तरी चालेल अशी त्याची भूमिका असते. मग ‘प्रायव्हेट डीएनएस सर्व्हरशी संपर्क होत नाही’ असं दिसतं आणि व्हॉट्सॲपसुद्धा थांबतं. उपाय साधा आहे: तेवढ्यापुरतं ऑटोमॅटिकवर जा, लॉगिन करा, चाललं तर परत फिरा. ऑफिसच्या व्हीपीएनमधली आतली नावंही कधी सापडत नाहीत, तिथंही हेच.

हे सगळं केल्यावर तुमची गुपितं पूर्ण झाकली गेली असं समजू नका. कोणती नावं विचारली हे आधी जिओ-एअरटेलला दिसायचं, आता ते ॲडगार्डला दिसतं. विश्वासाची जागा बदलली, एवढंच. शिवाय जोडणी होताना साइटचं नाव बहुतेकदा उघडच जातं, म्हणून मोबाइल कंपनीलाही ते पुष्कळसं कळतं.

ब्राउझरला वेगळं हत्यार

डीएनएस जाहिरात अडवतो, पण तिची रिकामी चौकट पानावर तशीच राहते. बातमीच्या साइटवर जाहिरात त्याच साइटच्या नावावरून येत असेल तर डीएनएसला ती कळतही नाही. पानाच्या आत शिरून निवडक भाग काढणारं काहीतरी लागतं, आणि त्यात रेमंड हिल यांच्या यूब्लॉक ओरिजिनच्या तोडीचं दुसरं काही नाही. नावातलं ‘ओरिजिन’ बघूनच घ्या. नुसत्या ‘यूब्लॉक’शी त्याचा आता संबंध नाही. ॲडब्लॉक प्लस ‘स्वीकारार्ह’ ठरवलेल्या जाहिराती २०११ पासून मुळातच सोडतं. ते बटण बंद करता येतं, पण आधी माहीत हवं.

यूब्लॉक ओरिजिन हे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायची पुरवणी आहे, आणि मोबाइलवरचं क्रोम एक्स्टेन्शन घेतच नाही. अँड्रॉइडवर फायरफॉक्स टाका, तीन टिंबांमधून एक्स्टेन्शन्समध्ये जा आणि यूब्लॉक ओरिजिन जोडा. इतकंही पुरतं. पुढे जायचं असेल तर त्याच्या डॅशबोर्डमध्ये ‘फिल्टर लिस्ट्स’ उघडा. प्रदेशांच्या गटात ‘इंडियन लिस्ट’ आहे, भारतीय साइट्ससाठी ती लावा. कुकीच्या सूचनांची यादीही कामाची. मग वरचं ‘अप्लाय’ दाबायला विसरू नका, त्याशिवाय काहीच बदलत नाही. सोबत दुसरा ब्लॉकर ठेवू नका. दोघं एकमेकांच्या पायात येतात आणि साइटला ब्लॉकर ओळखणं सोपं जातं.

संगणकावर गूगलने २०२५ मध्ये क्रोममधून जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स काढली, त्यामुळे तिथं आता यूब्लॉक ओरिजिन लाइटच चालतं. नेहमीच्या साइट्सना ते पुरेसं आहे. पण त्याच्या याद्या एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्तीबरोबरच येतात, म्हणून साइटने डाव बदलला की उत्तर यायला वेळ लागतो. आयफोनवर सफारीसाठीही लाइट ॲप स्टोअरवर आहे.

पैसे भरायचं पान अर्धवट आलं, ओटीपीची चौकट उघडली नाही, तर घाईने सगळं काढून टाकू नका. आधी यूब्लॉकचं मोठं बटण त्या साइटपुरतं बंद करून पान परत उघडा. सुधारलं तर दोष तिथला. नाही सुधारलं तर प्रायव्हेट डीएनएस ऑटोमॅटिकवर टाकून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला. पैसे कापले गेले आहेत की नाही हे खात्यात बघितल्याशिवाय मात्र पान पुन्हा उघडू नका.

यूट्यूब का थांबत नाही

डीएनएसने यूट्यूबच्या जाहिराती जातील असं सांगणारा कुणीही भेटला तर पुढे ऐकू नका. जाहिरात आणि व्हिडिओ दोन्ही गूगलच्या एकाच गटातल्या सर्व्हरांवरून येतात. दुधात घातलेलं पाणी दाराशी अडवता येत नाही, अडवायचं तर दूधच बंद करावं लागतं. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या फीडमधल्या जाहिरातींचंही तेच. सामन्याच्या थेट प्रक्षेपणात जाहिरात सर्व्हरवरच चित्रात शिवून पाठवली असेल, तर ब्राउझरमधलं एक्स्टेन्शनही फारसं काही करू शकत नाही.

यूट्यूब फायरफॉक्समध्ये उघडून यूब्लॉक ओरिजिनसह बघितलं तर जाहिराती जातात, पण २०२३ पासून यूट्यूब ब्लॉकर ओळखून अडवण्याच्या मागे लागलं आहे. अधूनमधून व्हिडिओ अडकेल. तेव्हा फिल्टर लिस्ट्समध्ये ‘पर्ज ऑल कॅशेस’ आणि मग ‘अपडेट नाउ’ दाबा, दुसरं काही शोधत बसू नका. दिवसभर यूट्यूब चालू असणाऱ्या घरात मात्र प्रीमियमचे पैसे भरणं हाच कमी डोकेदुखीचा मार्ग आहे.

गेम्स, आणि जुन्या गेम्सचा सापळा

ज्या गेमला नेट लागतच नाही त्याची जाहिरात अडवायचा सर्वात खात्रीचा उपाय म्हणजे त्याचं नेट तोडणं. शाओमीच्या फोनमध्ये ॲपच्या माहितीच्या पानावरच डेटा आणि वायफाय दोन्ही बंद करता येतात. बाकी फोनवर नेटगार्ड किंवा रीथिंक टाका. ही ॲप्स फोनच्या आतच खोटं व्हीपीएन उभं करून कोणत्या ॲपला बाहेर सोडायचं ते ठरवतात. अँड्रॉइड एका वेळी एकच व्हीपीएन चालवतं, त्यामुळे ऑफिसचं व्हीपीएन लावलं की हे बंद होतं. शाओमी, विवो, ओप्पोसारखे फोन बॅटरी वाचवायला त्यांना परस्पर मारतातही. त्या ॲपपुरती बॅटरीची मर्यादा काढून टाका.

टीव्ही गेमच्या ‘९९९९ इन १’ कॅसेटच्या आठवणीने कॉन्ट्रा किंवा मारिओ शोधणाऱ्यांना प्ले स्टोअरवर त्याच नावांची, जाहिरातींनी लगडलेली ॲप्स भेटतात. आत बहुधा कुणाचा तरी मुक्तस्रोत इम्युलेटर (जुन्या गेम यंत्राची नक्कल करणारं ॲप) असतो, वर जाहिराती चिकटवलेल्या. थेट मूळ साधन घ्या: लेम्युरॉइड सोपं आणि मोबाइलसाठीच बनवलेलं, रेट्रोआर्च जास्त ताकदीचं पण मेन्यूत हरवायला लावणारं, पीएसपीच्या गेम्सना पीपीएसएसपीपी. लेम्युरॉइड आणि रेट्रोआर्च पूर्ण फुकट, विनाजाहिरात. पीपीएसएसपीपीची फुकट आवृत्तीही पूर्ण चालते. यांच्यासोबत गेम येत नाहीत, त्या फायली आपल्या आपण आणायच्या असतात. त्या शोधताना ‘डाउनलोड’ची मोठी हिरवी बटणं बहुतेक जाहिरातीच असतात, म्हणून हे काम यूब्लॉक असलेल्या ब्राउझरमध्येच करा. आणि उतरलेली फाइल एपीके (ॲप बसवणारी फाइल) निघाली तर ती गेमची फाइल नव्हे, लगेच काढून टाका.

टीव्हीसाठी राउटर

स्मार्ट टीव्हीवर यातलं फारसं काही टाकता येत नाही, तिथं राउटरमध्ये डीएनएस बदलावा लागतो. डीएचसीपीच्या (उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) पानावर प्राथमिक ९४.१४०.१४.१४ आणि दुय्यम ९४.१४०.१५.१५, दोन्ही ॲडगार्डचेच भरा. दुय्यम जागी गूगलचा ८.८.८.८ ‘राखीव’ म्हणून ठेवणं ही नेहमीची चूक. दुय्यम पत्ता अडचणीपुरताच वापरला जाईल याची खात्री नसते, आणि तो वापरला गेला की जाहिराती गळत राहतात. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर त्याचा डीएनएस वेगळा भरावा लागतो, नाहीतर उपकरणं कंपनीच्या डीएनएसकडे जातात. काही टीव्ही आणि क्रोमकास्ट राउटरचं न ऐकता गूगलचाच डीएनएस पकडतात. राउटरमध्ये नियम लिहून त्यांना वळवता आलं तर ठीक, नाहीतर तिथं सोडून द्या.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पाय-होल हा घरचा गाळणारा डीएनएस चालवला तर कोणतं उपकरण रात्री काय विचारतं ते सगळं दिसतं. त्याला ५१२ एमबी मेमरी पुरते. पण त्याचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलेल आणि घराचं नेट बंद पडेल. वीज वारंवार जाते अशा गावात मेमरी कार्ड बिघडण्याची शक्यताही धरून चाला. राउटरच्या छोट्या यूपीएसवरून पायलाही वीज देता येते का बघा. त्यासाठी यूपीएसमध्ये ५ व्होल्टचं वेगळं टोक लागतं, कारण बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि ते टोक पायला जोडलं तर तो जळेल.